मोजलेली हवा आणि पोचलेली हवा : पिकअप गेलेल्या एका डिझेल गाडीचं प्रकरण

गाडी २०१५ची, छोटी सेडान. १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, साधा फिक्स्ड जॉमेट्रीचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), ताकद ७५ पीएस, टॉर्क २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर. पाच गियर मॅन्युअल. बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या नियमांची) असल्यामुळे सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर, नाही. मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. पुण्याची गाडी, महिन्यातून दोनदा साताऱ्याला जाणारी.

तक्रार मालकांच्याच शब्दांत : "खंबाटकीला पूर्वी तिसऱ्यावर आरामात चढायची. आता तिसऱ्यावर बसतच नाही, दुसरा टाकावा लागतो. मागचा माणूस हॉर्न मारतो आणि आरशात बघावं तर काळा धूर." सपाट रस्त्यावर ताशी ८०नं चालवली तर काही जाणवत नाही. ओव्हरटेकला पाय दाबला की गाडी दोन सेकंद विचार करते. अ‍ॅव्हरेज हायवेला २१ मिळायचं ते १७वर आलं. चेक लाइट एकदाही लागला नाही.

त्याआधी चार महिन्यांत झालेले उपाय असे : एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर नवा, नोझल साफ करायच्या औषधाच्या दोन बाटल्या टाकीत. फरक शून्य. शेवटी एका गॅरेजनं टर्बो गेल्याचं सांगून चाळीस हजारांच्या आसपासचा आकडा कागदावर लिहून दिला. तो कागद खिशात ठेवूनच मालक दुसरं मत घ्यायला आले.

धुराचा रंग आधी विचारायचा

पिकअप नसलेल्या डिझेल गाडीची पहिली विभागणी धुरावर होते, आणि ती फुकट होते. पाय दाबल्यावर काळा धूर येत असेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. धूर अजिबात नाही आणि गाडी मेल्यासारखी चालते, तर डिझेलच कमी जातंय : रेल प्रेशर (डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंतचा दाब) बनत नाही, किंवा ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) कुठल्यातरी सेन्सरचं ऐकून स्वतःच डिझेल आवळलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनालाही पांढरा, डोळे झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल नीट जळत नाही, तिथे नोझल आणि कॉम्प्रेशनकडे वळायचं.

या गाडीचा धूर काळा, तोही फक्त जोर लावल्यावर. त्यामुळे डिझेलच्या बाटल्यांवर गेलेले पैसे पहिल्या प्रश्नातच वाचले असते.

बीएस-६ डिझेलला मात्र ही सोय राहिलेली नाही. डीपीएफ काजळी पकडून ठेवतो, मागून धूर दिसतच नाही. तिथे हाच दोष डीपीएफ लवकर लवकर भरण्याच्या तक्रारीतून समोर येतो आणि लोक फिल्टरच्याच मागे लागतात.

बॉनेट उघडायच्या आधी

इंजिन निर्दोष असूनही गाडी जड होण्याची कारणं चार-पाचच आहेत, ती अर्ध्या तासात बाद करता येतात. इथे चारही टायरची हवा ३३ पीएसआय भरली. दहा किलोमीटर चालवून, शेवटचा तुकडा ब्रेक न लावता सोडून, चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड गननं बघितलं. पुढच्या दोन्ही डिस्कमध्ये ५ अंशांचा फरक निघाला, म्हणजे कॅलिपर जाम नाही. एक चाक दुसऱ्यापेक्षा ३०-४० अंशांनी गरम निघालं असतं तर तपास तिथेच वळला असता.

क्लच : चौथ्या गियरमध्ये ताशी ४०वरून पेडल पूर्ण दाबलं. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा सोबत चढले. क्लच प्लेट घसरत असती तर आरपीएम आधी उडाला असता आणि वेग मागून आला असता. असल्या गाड्यांना पिकअप नसल्याची तक्रार घेऊन लोक टर्बोपर्यंत जाऊन येतात.

पेडल : इग्निशन ऑन, इंजिन बंद, पेडल जमिनीपर्यंत. स्कॅनरवर पोझिशन ९९ टक्के. हे बघायला विसरू नये. बाहेरून घेतलेल्या जाड मॅटमुळे पेडल ७० टक्क्यांवर अडतं, आणि मग सगळं इंजिन शोधूनही काही सापडत नाही.

इंजिनाचं तापमान : वीस मिनिटांनी ८८ अंशांवर स्थिर. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर ६०-६५वर घुटमळलं असतं आणि इंजिन कायम थंड आहे असं समजून ईसीयू वेगळ्याच हिशेबानं चाललं असतं.

स्कॅनर : कोड कमी, आकडे जास्त

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. पक्का कोड एकही नाही. पेंडिंगमध्ये एक : पी०२९९, म्हणजे टर्बोचं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी. चेक लाइट का लागला नाही याचं उत्तर इथेच आहे. प्रेशरमधली तूट ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आणि काही सेकंद सलग दिसली तरच ईसीयू ती दोष म्हणून नोंदवतो. गाडी ओढत नाही म्हटल्यावर माणूस पाय उचलून गियर कमी करतो आणि ती मोजणी मध्येच तुटते.

पी०२९९ वाचून टर्बो बदलणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग घाई आहे. कोड एवढंच सांगतो की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात) प्रेशर नाही. ते टर्बोनं बनवलंच नाही, की बनवलं आणि वाटेत सांडलं, हे तो सांगत नाही.

इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर ९४९ मिलिबार दाखवत होता, वातावरणाचा सेन्सर ९४८. हे दोन जुळले पाहिजेत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणून इथे ९५०च्या आसपासच येणार; मुंबईत १०१०च्या जवळ, महाबळेश्वरला ८६०च्या आसपास. पुण्यात १०१० दाखवणारा सेन्सर खोटं बोलतोय.

मग रस्त्यावर. एक जण चालवायला, एक जण स्कॅनर रेकॉर्डिंगला. तिसरा गियर, १५०० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबून ३५००पर्यंत. एसी बंद. या गाडीत तिसऱ्याला ताशी ५० म्हणजे साधारण २२०० आरपीएम, तिथले आकडे असे आले :

रेल प्रेशर, ईसीयूनं मागितलेलं १३८०, मिळालेलं १३६० बार. डिझेलची बाजू इथेच सुटली. पंप, रेल, प्रेशर व्हॉल्व्ह, फिल्टर, सगळे ठीक. नोझलला बाटल्या लावून परत येणारं डिझेल मोजायची गरज राहिली नाही.

टर्बोनंतरचं प्रेशर, मागितलेलं २१५०, मिळालेलं १४८० मिलिबार. हा वातावरणासकटचा आकडा आहे. म्हणजे वातावरणावर १२०० चढायला हवं होतं तिथे जेमतेम ५३० चढलं.

एअर फ्लो सेन्सर : दर स्ट्रोकला ५६० मिलिग्रॅम हवा. आत येणारी हवा, तापमान ५० अंश.

हा शेवटचा आकडा बहुतेक जण वाचून पुढे जातात, कारण ५६० चांगला की वाईट हे सांगणारं कोष्टक हाताशी नसतं. कोष्टक लागत नाही. प्रेशर आणि तापमान माहीत असेल तर सिलिंडरमध्ये किती हवा मावेल हे कागदावर काढता येतं :

एका सिलिंडरचं सीसी × प्रेशर मिलिबारमध्ये ÷ (२.८७ × केल्व्हिन तापमान) = मिलिग्रॅम दर स्ट्रोक.

इथे १२४८ भागिले ४ म्हणजे ३१२ सीसी. ५० अंश म्हणजे ३२३ केल्व्हिन. ३१२ × १४८० ÷ (२.८७ × ३२३) = ४९८ मिलिग्रॅम. सिलिंडर काठोकाठ भरला तरी एवढीच हवा मावेल. प्रत्यक्षात इंजिन काठोकाठ भरत नाही. अशा लहान डिझेलला ८५ ते ९० टक्के धरतात. ८८ टक्क्यांनी ४३८.

सेन्सर सांगतो ५६० आत गेली. सिलिंडरमध्ये ४९८च्या वर मावूच शकत नाही, आणि खरी ४३८च्या आसपास पोचली. दर स्ट्रोकला साधारण १२० मिलिग्रॅम हवा एअर फिल्टरमागच्या सेन्सरजवळून गेली आणि मॅनिफोल्डला पोचलीच नाही. टर्बोतून बाहेर पडल्यानंतर, इंजिनात शिरायच्या आधी, ती कुठेतरी बाहेर पडतेय. एकही नट न सोडता एवढं कळलं.

ज्यांचा स्कॅनर मिलिग्रॅमऐवजी ग्रॅम दर सेकंद दाखवतो त्यांनी चार सिलिंडरच्या गाडीला हा हिशेब वापरावा : मिलिग्रॅम × आरपीएम ÷ ३०,०००. ५६० मिलिग्रॅम २२०० आरपीएमला ४१ ग्रॅम दर सेकंद होतात.

काळ्या धुराचाही उलगडा याच आकड्यांत आहे. धूर येऊ नये म्हणून ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशेबात डिझेलला लगाम लावतो, साधारण १८ भाग हवेला १ भाग डिझेल. त्याच्या वहीत हवा ५६०, म्हणून त्यानं ३१ मिलिग्रॅमपर्यंत डिझेल सोडलं. सिलिंडरमध्ये हवा होती ४३८. प्रमाण पडलं १४ला १. डिझेल पूर्ण जळायला कागदावरच १४.५ लागतात आणि इंजिनात मिसळायला तेवढा वेळही नसतो. उरलेलं काजळी होऊन मागे गेलं. धूर, पडलेलं अ‍ॅव्हरेज आणि गेलेला पिकअप, तिन्हींचं मूळ एक.

हीच तुलना बाकीचे दोषही वेगळे करते. प्रेशर आणि मोजलेली हवा, दोन्ही आकडे खाली पडलेत आणि एकमेकांशी जुळतातही : मग एअर फिल्टर किंवा त्याचा पाइप तुंबलाय, टर्बो बनवत नाहीये, वेस्टगेट (टर्बोचं प्रेशर आवरणारी झडप) उघडा राहिलाय किंवा सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक (धूर साफ करणारी जाळी) चोक झालाय. प्रेशर ठीक, पण मोजलेली हवा हिशेबापेक्षा कमी आणि मागे धूर नाही : एअर फ्लो सेन्सर मळलाय आणि कमी मोजतोय, ईसीयू त्या हिशेबात डिझेल आवळतोय. मोजलेली हवा कमी आणि मागे धूर : न मोजलेला वायू आत शिरतोय, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघा.

आयडलचा आकडा जुळेना

गरम इंजिन, आयडल, म्हणजे गाडी उभी आणि पेडलवर पाय नाही. ईजीआरचा कनेक्टर काढून ठेवला, म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंगनं बंद राहावा. (यानं एक कोड पडतो, तो नंतर पुसायचा.) मॅनिफोल्डला ९५० मिलिबार, हवा ३५ अंश. त्याच सूत्रानं ३३५, ८८ टक्क्यांनी २९५ मिलिग्रॅम यायला हवेत. आले २३५.

जोर लावल्यावर सेन्सर जास्त दाखवतो आणि आयडलला कमी. सेन्सर बिघडला म्हणावं तर तो असा चुकत नाही. मळलेला सेन्सर तर जोर लावल्यावर कमीच दाखवतो. म्हणजे दोष दोन आहेत. एक प्रेशर चढल्यावर हवा बाहेर घालवणारा, दुसरा आयडललाही सिलिंडरमधली जागा अडवणारा. दुसऱ्याचं नाव जवळजवळ नक्की होतं : बंद असायला हवा तेव्हाही थोडा उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह. पण आधी पहिला.

गळती शोधणं

वरून बघून काही सापडलं नाही. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड, दोन्ही पाइप जागेवर, क्लॅम्प घट्ट. इंटरकूलरनंतरच्या होज पाइपच्या खालच्या वळणावर मात्र तेलकट धूळ चिकटली होती, बाकी पाइप कोरडा. ऑइलची हलकी वाफ क्रँककेसच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, हवेत येतेच आणि हवा निसटते तिथे ती खूण सोडते. खूण होती, चीर दिसत नव्हती.

आयडलला या पाइपमध्ये प्रेशर जवळपास नसतंच, म्हणून कान लावून सूं आवाज ऐकण्यात अर्थ नाही. पाइप बाहेरून भरावा लागतो. साधन घरगुती आहे : प्लंबरच्या दुकानातली ५० मिलिमीटरची पीव्हीसी एंड कॅप, मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. टर्बोच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावरून होज काढून त्यात ही कॅप बसवायची, दोन क्लॅम्पनी आवळायची आणि रेग्युलेटर लावलेल्या कंप्रेसरनं हवा भरायची. आधी ०.३ बार, मग ०.५, मग १ बार. त्यावर जाऊ नये. कॅपच्या समोर उभं राहू नये, सुटली तर गोळीसारखी येते.

काही जण ही हवा टर्बोच्या आधीच्या, एअर फिल्टरकडच्या पाइपातून भरतात, म्हणजे टर्बोचीही परीक्षा होते. तसं करायचं तर क्रँककेस ब्रीदरची नळी त्या पाइपातून काढून तोंड बंद करायलाच हवं. नाहीतर सगळं प्रेशर इंजिनाच्या पोटात जातं, डिपस्टिक उडते आणि क्रँकचं ऑइल सील गळायला लागतं. पिकअप दुरुस्त करायला आलेली गाडी ऑइल गळत परत जाते.

भरलेली हवा थोडी इंजिनातून हिसहिसत जाणारच, कारण एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात. क्रँक पुलीला पाना लावून थोडं फिरवलं की बहुतेक वेळा ती कमी होते. तिला गळती समजू नये.

०.३ बारला शांत. ०.४ ओलांडताच खालच्या वळणावर साबणाच्या पाण्याचा फेस उसळला. होज काढून उलटी केली तेव्हा दिसलं : बॅटरी ट्रेच्या पट्टीला घासून तळाशी ३५ मिलिमीटरची चीर, लांबीच्या दिशेनं. हातात घेतली तर दोन्ही ओठ मिटलेले. अंगठ्यानं आतून दाबलं की माशाच्या तोंडासारखी उघडायची. म्हणूनच आयडलला नाही, सपाट रस्त्यावर नाही, फक्त खंबाटकीत.

पुण्यात अशी जागा दिसली की पहिला संशय उंदरावर जातो. उंदराचं काम वेगळं ओळखू येतं, कडा कुरतडलेल्या आणि दातांचे बारीक ठसे. इथे कडा गुळगुळीत होत्या आणि समोरच्या पट्टीवर रबराची काळी रेघ होती.

टर्बोची झडती, खिशातल्या कागदासाठी

पाइप निघालेलाच होता, म्हणून टर्बोही तपासला. इंजिन थंड. पंख्याचा शाफ्ट बोटांनी वर-खाली केला तर अगदी किंचित हालचाल. ती असतेच, तिथे ऑइलची फिल्म असते. पुढे-मागे ओढल्यावर जाणवण्याइतकी हालचाल नको, ती नव्हती. पात्यांच्या कडा शाबूत, हाउसिंगला घासल्याची चमकदार रेघ नाही. पाइपात ऑइलचा पातळ थर, चमचाभर साठलेलं नाही. वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला हातपंपानं प्रेशर दिलं : ०.५ बारला दांडी जागची हलली नाही, १ बारच्या जवळ सरकायला लागली आणि सोडल्यावर पूर्ण परत आली. टर्बोला काहीही झालेलं नव्हतं. उलट गळती भरून काढण्यासाठी बिचारा जास्त वेगानं फिरत होता, आणि ती चीर आणखी वर्षभर राहिली असती तर तो खरंच गेला असता. नवा टर्बो याच फाटक्या पाइपावर बसवला असता तरी तक्रार तशीच राहिली असती.

होज बदलल्यावर

होज कंपनीचीच घेतली, तीन हजारांच्या आत आली. जुन्याच होजला चिकटपट्टी गुंडाळून किंवा सायकलची ट्यूब बांधून चालवण्याचा मोह होतो. १ बार प्रेशर आणि ऑइलची वाफ यापुढे ते आठवडाभरही टिकत नाही. साध्या पाण्याच्या रबरी होजचंही तसंच, ऑइलनं ती आतून फुगते.

क्लॅम्प बसवताना होजचं तोंड आणि पाइपचं टोक ब्रेक क्लीनरनं पुसून कोरडं केलं. तेलकट राहिलं तर प्रेशरनं होज सरकून निघते, ती नेमकी घाटातच. पुन्हा १ बार भरून फेस तपासला. नाही.

रस्त्यावर, तोच तुकडा, तोच गियर, २२०० आरपीएम. मागितलेलं २१५०, मिळालेलं २०६०. तापमान ५२ अंश. मावणारी हवा ६८९, ८८ टक्क्यांनी ६०६. सेन्सर म्हणाला ५४८.

आता आकडा उलट्या बाजूला गेला. आधी मोजलेली हवा जास्त होती, आता हिशेबापेक्षा कमी. गळती बंद झाली, पण सिलिंडरमध्ये न मोजलेलं काहीतरी अजून शिरतंय. जोरात पाय दाबल्यावर मागे धुराची हलकी छटाही उरली होती. आयडलचा आकडा तर २३५वरच होता, होज बदलून त्यात काही फरक पडणार नव्हताच. मालक म्हणाले, गाडी आता झकास आहे, द्या. इथे थांबलं तर अर्धं काम होतं.

ईजीआर व्हॉल्व्ह काढला. सीटवर काजळीचा डांबरासारखा थर, सगळ्यात जाड जागी ३ मिलिमीटर, आणि व्हॉल्व्ह त्या थरावर टेकून थांबलेला. हे पहिल्या दोषाचंच पोर आहे. महिनोन्महिने जास्तीची काजळी ईजीआरच्या वाटेनं परत आत आली, ब्रीदरच्या ऑइलला चिकटली आणि सीटवर बसली.

साफ करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. व्हॉल्व्हचा मोटरचा, कनेक्टरचा भाग कार्ब क्लीनरमध्ये बुडवायचा नाही. व्हॉल्व्हचं तोंड खाली धरून फक्त तोंडाचा भाग ओला करायचा, म्हणजे द्रव मोटरकडे उतरत नाही. आणि सीट स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायची नाही. एक ओरखडा पडला की तो कायम गळतो. थर मऊ होईपर्यंत थांबायचं, प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीनं काढायचा, मग जुन्या टूथब्रशनं. इथे दोन तास गेले. गॅस्केट नवं. मॅनिफोल्डच्या तोंडाशी हात पोचेल तिथली काजळी व्हॅक्यूम लावून काढली. खरवडून आत ढकलली तर ती व्हॉल्व्हवर जाऊन बसते. शेवटी स्कॅनरनं ईजीआरची शिकवणी रीसेट केली, नाहीतर ईसीयू जुन्या, थरावर टेकलेल्या जागेलाच "बंद" समजत राहतो.

ईजीआर पत्रा लावून बंद करून टाका, असा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. त्यानं पीयूसीत न दिसणारं प्रदूषण वाढतं, अनेक गाड्यांत कोड पडतो, आणि मुख्य म्हणजे गळक्या होजचा पिकअप त्यानं परत येत नाही.

शेवटचे आकडे

आयडल, ईजीआरचा कनेक्टर काढून : २९१ मिलिग्रॅम, हिशेबात २९५. तिसऱ्या गियरला २२०० आरपीएम : मागितलेलं २१५०, मिळालेलं २१४०, हवा ६२१, हिशेबात ५३ अंशांना ६२८. धूर नाही.

तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० ते ८० जायला लागणारा वेळ, सपाट रस्ता, दोन्ही दिशांची सरासरी, गाडीत तीच दोन माणसं, एसी बंद : आधी १४.६ सेकंद, होजनंतर ९.८, ईजीआरनंतर ९.१. ही चाचणी दुरुस्तीच्या आधीच घेऊन ठेवायला हवी. नंतर "बरी वाटते" यापलीकडे बोलायला काही राहत नाही.

हे आकडे या इंजिनाचे आहेत. दुसऱ्या गाडीला मागितलेलं प्रेशर वेगळं असेल. सूत्र तेच राहील, फक्त सीसी बदलायचं. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीलाही ते लागू पडतं, पण तिथे पिकअप जाण्याची कारणं बहुतेक वेळा इग्निशन कॉइल, मळलेली थ्रॉटल बॉडी, सीएनजी किटचं ट्यूनिंग किंवा चोक झालेला कॅटॅलिटिक अशी असतात, आणि आधी फ्युएल ट्रिम (ईसीयूनं इंधनात केलेली कमी-जास्त) बघितलेलं बरं.

एक काम उरलं होतं, जे बिलात कुठेच दिसत नाही. नवी होज जुन्याच मार्गानं बसवली तर ती त्याच पट्टीला घासणार. बॅटरी ट्रेचा एक बोल्ट निघून गेलेला सापडला, कदाचित बॅटरी बदलताना. त्यामुळे ट्रे १० मिलिमीटर खाली झुकला होता. बोल्ट लावला, पट्टी वर गेली. इंजिन चालू ठेवून, पुढची चाकं अडवून, हँडब्रेक ओढून, क्लच अर्धवट सोडत इंजिन त्याच्या माउंटिंगवर झुकवून बघितलं : होज आणि पट्टीमध्ये कमीत कमी बोटभर जागा राहते. पट्टीच्या काठावर तरीही जुन्या हीटर होजचा चिरलेला तुकडा बसवून दिला.

पुढच्या सर्व्हिसला, साडेचार हजार किलोमीटरनंतर, तो तुकडा कोरडा होता आणि होजवर रेघ नव्हती. आयडलला हवा २८९.